मसुद्याचा हंगाम

लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला की माझ्या पोटात मत्सर जागा होतो. हे वाक्य लिहून मी परत वाचलं, आणि खरं आहे म्हणून तसंच ठेवलं. दिवाळी उलटते, सकाळची हवा बोचायला लागते, आणि गोंदियाहून सौंदडला, माझ्या गावी, जाताना गाडीच्या खिडकीतून कापलेल्या धानाचा वास आत येतो. ओलसर, गोडसर, थोडा मातकट. डब्यातल्या इतरांना त्या वासानं काय आठवत असेल कोण जाणे. कोणाला नव्या तांदळाचा भात, कोणाला गावच्या मंडईची जत्रा. मला हेमलता आठवते, आणि आम्ही दोघी एकाच बाकावर बसून शिकलो ती कॉम्प्युटरची भाषा आठवते.

याच दिवसांत आमच्या तंत्रनिकेतनात हिवाळी प्रॅक्टिकल सुरू होतात. मी तिथं सी शिकवते. सी म्हणजे यंत्राला सूचना लिहून देण्याची एक जुनी भाषा. शेतातल्या पंपाच्या पेटीत ती असते, विजेच्या मीटरमध्ये असते, आपल्याला दिसत नाही अशा कितीतरी ठिकाणी असते. माणसांच्या भाषेसारखीच ती बदलते. फरक एवढाच की आपली भाषा कोण बदलतं ते सांगता येत नाही, आणि सी कोण बदलतं ते सांगता येतं. निरनिराळ्या देशांतली माणसं एका टेबलाभोवती बसतात, मसुदा करतात, त्यावर आक्षेप मागवतात, भांडतात, मत देतात, आणि मग त्या भाषेत काय चालेल आणि काय चालणार नाही हे छापून येतं. त्याला मानक म्हणतात. आपल्या देशातूनही काही माणसं त्या कामात असतात. हेमलता त्यांच्यापैकी एक आहे. मी नाही.

आम्ही दोघी सौंदडच्या. नव्व्याण्णव साली बारावीनंतरच्या सुट्टीत गोंदियाच्या एका क्लासला नाव घातलं होतं. बाजाराच्या गल्लीत वरच्या मजल्यावर ती खोली होती. खाली चुरमुऱ्याचं दुकान, वर निळे पडदे, म्हणजे निळी स्क्रीन, असलेले जुने कॉम्प्युटर. आम्ही सकाळच्या गाडीनं यायचो आणि दुपारच्या गाडीनं परत जायचो. एका मशिनवर दोघी बसायचो, पण कीबोर्ड माझ्याकडे असायचा. मी भराभर शिकायचे. सरांनी फळ्यावर लिहिलं की ते माझ्या बोटांत उतरायचं. हेमलता हळू होती. तिचं लक्ष बोटांकडे नसायचंच. तिचे प्रश्नच वेगळे असायचे.

एकदा सरांनी सांगितलं की प्रोग्राममध्ये आकडे ठेवायच्या जागांची सगळी नावं कंसाच्या अगदी सुरुवातीला जाहीर करायची, मधेच कुठं केली तर यंत्र चूक दाखवेल. मी मान डोलावून लिहून घेतलं. हेमलतानं हात वर केला.

"सर, हे कोणं ठरवलं?"

सर गोंदियाचे, हिंदीतच बोलायचे. ते हसले आणि म्हणाले, "बेटा, सी तो पत्थर की लकीर है. किसीने तय नहीं किया, ऐसा ही है."

वर्ग हसला, मीही हसले. नेमक्या त्याच वर्षी दूर कुठंतरी माणसं बसून हा नियम मोडत होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. नव्व्याण्णवच्या मानकानं सांगून टाकलं होतं की नाव कुठंही जाहीर करा, चालेल. आमच्या गल्लीत मात्र ती लकीर दगडावरच राहिली.

पुढं वाटा फुटल्या. हेमलता इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. मी गोंदियातच एमएस्सी केलं आणि लगेच नोकरीला लागले. मला कोणी अडवलं नव्हतं, तेव्हा मी खूषही होते. गावात पहिली मॅडम झाले होते. आई चारचौघांत माझं नाव घेताना आवाज थोडा वर चढवायची. हेमलताबद्दल कानावर यायचं की ती अजून शिकतेच आहे, कुठल्याशा कंपनीत जाणार आहे. मला वाटायचं, मी पुढं आहे.

तो भ्रम फोनवर फुटला. ती लहान यंत्रांसाठी सीचे कंपायलर बनवणाऱ्या कंपनीत लागली होती. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेलं वाचून यंत्राला समजेल असं करून देणारा दुभाषा. एका संध्याकाळी तिनं फोन करून सांगितलं, सहज, जशी घरी पाहुणे आल्याची बातमी सांगावी तसं, की तिला भाषेच्या समितीत घेतलं आहे. नव्या मानकाचं काम सुरू होतंय. मी अभिनंदन केलं. फोन ठेवल्यावर प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिले. ओळीनं निळे पडदे. नव्व्याण्णव साली होता तोच कंपायलर, तेच पुस्तक, तीच पहिल्या पानावरची ओळ. मी जी भाषा शिकवत होते ती कुठल्या तरी खोलीत जिवंत होती, वाढत होती, आणि त्या खोलीत माझ्या शेजारी बसणारी, माझ्याकडून कीबोर्ड मागून घेणारी मुलगी बसली होती.

मत्सराचे प्रकार असतात. तिचा पगार, तिचं पुण्यातलं घर, विमानाचे प्रवास, हे मला कधी झोंबलं नाही. मला झोंबायचं ते टेबल. एखादा शब्द ठेवायचा की काढायचा यावर तिचं मत विचारलं जातं. 'असावे' लिहायचं की 'असलेच पाहिजे' यावर तिथं अख्खी दुपार जाते म्हणे, कारण त्या एका फरकावर जगभरच्या यंत्रांचं वागणं ठरतं. असं एक टेबल या जगात आहे, हे कळल्यापासून मला स्वस्थता नव्हती. शब्दांवर एवढा जीव लावणारी माणसं मला हवी होती. माझ्या वाट्याला उपस्थितीपत्रक होतं.

त्यामागं आणखी एक जुनं दुखणं होतं, ते मला हळूहळू उलगडलं. हेमलता कोहळ्यांची, तलाव बांधण्यासाठी नावाजलेल्या शेतकरी जातीची. तिच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधला. तिच्या घराच्या ओसरीवर दर वर्षी बैठक बसायची, कोणाच्या बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या धानशेताला, आधी पाणी, कोणाला नंतर, तलावाचं तोंड किती उघडायचं. ती लहानपणापासून उंबऱ्यावर बसून ते ऐकत आली होती. नियम माणसं करतात आणि माणसं मोडतात, हे तिला शिकवावं लागलं नाही. आमचं घर बौद्ध वस्तीत. बाबा रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये होते, आई धानाच्या दिवसांत हेमलताच्याच बांध्यांत कापणीला जायची. बाबासाहेबांनी आम्हाला जुना नियम टाकून द्यायला शिकवलं, आणि आम्ही तो टाकला. घरात त्यांचा फोटो आहे, त्याखाली बसून मी अभ्यास केला. पण नवा नियम जिथं लिहिला जातो त्या ओसरीवर आमचं कोणी बसल्याचं मी पाहिलं नव्हतं. तिनं 'हे कोणं ठरवलं' असं विचारलं आणि मी मान डोलावली, याचा हिशेब मला तिथं सापडला.

आता तो हंगाम सांगते. दोन हजार दहाचा.

हेमलताचे वडील पुंजण्यावरून पडून पाय मोडून बसले होते. पुंजणा म्हणजे कापलेला धान रचून केलेला ढीग, माणसाच्या दुप्पट उंच होतो. एकुलती एक मुलगी, म्हणून ती कंपनीतून रजा घेऊन कापणी आणि चुरणी, म्हणजे धानाची मळणी, उरकायला आली. बॅगेत कपडे कमी आणि कागद जास्त होते. नव्या मानकाचा मसुदा होता तो. देशोदेशींच्या समित्यांनी वाचून आक्षेप कळवायचे होते. उशीएवढा जाड गठ्ठा. रविवारी मी गावी आले तर तिचा निरोप होता की ये.

ती ओसरीवर बसली होती. समोर बांध्यांत कापणी चालली होती. कापलेल्या धानाच्या कडपा उन्हात पसरल्या होत्या, आणि त्यांच्या मुळाशी आधीच पेरलेल्या लाखोळीच्या कडधान्याचे हिरवे कोंब दिसायला लागले होते. कापणाऱ्या बायकांत आईच्या वयाच्या दोघीतिघी ओळखीच्या होत्या. त्यांनी मला ओसरीवर चढताना पाहिलं. एकीनं विळा धरलेल्या हातानंच कपाळावरचा पदर सारखा केला आणि परत वाकली.

हेमलताच्या आईनं, काकूंनी, लाखोळीचे वडे आणून ठेवले. त्यांनी माझ्या आईची तब्येत विचारली, बाबांना निवृत्त होऊन किती झालं ते विचारलं. मग हेमलतानं गठ्ठ्यातला अर्धा माझ्याकडे सरकवला.

"वाच," ती म्हणाली. "मी येवढ्यांदा वाचलं का मले आता काईच दिसत नाई."

मी म्हटलं, मी समितीत नाही. ती म्हणाली, समितीतल्यांनीच वाचावं असं कुठं लिहिलंय.

मी वाचायला घेतलं ते चूक शोधायलाच. मला ती चूक तिच्यासाठी नको होती, माझ्यासाठी हवी होती. तुमचं टेबल, तुमची अख्खी दुपार, आणि तरी हे बघा, असं म्हणायला. पण पहिल्या दिवशी उलटंच झालं. मसुदा वाचता वाचता मी हरखत गेले. किती निगुतीनं लिहिलं होतं. मी वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शिकवते ते एक फंक्शन, वापरणाऱ्यानं टाइप केलेली ओळ वाचून घेणारं, त्यात नव्हतंच. काढून टाकलं होतं. ते फंक्शन वाचताना थांबत नाही. जागा दहा अक्षरांची असली आणि माणसानं वीस टाकली तर उरलेली शेजारच्या जागेत सांडतात, आणि तिथं जे असेल ते बिघडवतात. माझ्या मुलांचे प्रोग्राम वर्षानुवर्षं त्यानंच कोसळत होते, आणि मी त्यांना सांगायचे, थोडं जपून टाइप करा. त्या खोलीतल्या माणसांनी ते उचलून बाहेर ठेवलं होतं. मला इतका आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या खालून इतकी जळजळ वर आली, की मी वडा हातात धरून तशीच बसले.

त्यानंतरच्या आठवड्यात प्रॅक्टिकल लागले. बाहेरून परीक्षक आले होते, भंडाऱ्याकडचे, वयानं मोठे, बोलायला शांत. रोशनी नावाची एक मुलगी कामठ्याहून सायकलनं यायची. हुशार, पण गप्प. तिच्या मामाच्या मुलानं तिला नवा फुकटचा कंपायलर टाकलेला जुना लॅपटॉप दिला होता, तिनं घरी त्यावर सराव केला होता. परीक्षेत तिनं तसंच लिहिलं. सुरुवातीला नाही, मधेच लूपच्या कंसात नाव जाहीर केलं. आमच्या निळ्या पडद्यावर चूक आली. तिनं परत बघितलं, परत चूक. परीक्षकांनी तिची उत्तरपत्रिका पाहिली आणि त्या ओळीवर लाल रेघ मारली.

मी मधे पडले. म्हटलं, सर, हे बरोबर आहे, नव्व्याण्णवपासून भाषेत हे चालतं. ते माझ्याकडे पाहून म्हणाले की मॅडम, असेल, पण तुमच्या मशिनवर तर चालत नाही. मी माझा लॅपटॉप आणला, तिचा प्रोग्राम त्यावर टाइप करायला लावला, चालला. उत्तर बरोबर आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"चालला," ते म्हणाले. "पण अभ्यासक्रमात कुठं आहे ते दाखवा, मी पूर्ण गुण देतो."

मला दाखवता आलं नाही. अभ्यासक्रमात जुनं पुस्तक होतं आणि जुन्या पुस्तकात जुना नियम होता. त्यांनी तिला पास होण्यापुरते गुण दिले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर मीही कागद मागितला असता. रोशनी बाहेर व्हरांड्यात उभी होती. तिनं मला एवढंच विचारलं की मॅडम, भाषा एकच आहे ना? मी हो म्हटलं. मग ती सायकलकडे गेली. त्या वर्षी तिला पहिल्या श्रेणीची फार आशा होती, ती त्या पेपरात गेली.

त्या रविवारी मी हेमलताच्या ओसरीवर चढले तेव्हा माझ्या अंगात रोशनीचा राग होता आणि माझा स्वतःचा जुना राग होता, आणि दोन्ही एकमेकांत मिसळले होते. खळ्यात चुरणी चालू होती. मशीनचा आवाज, उडणारा तनसाचा, धानाच्या पेंढ्याचा, भुसा, नाकात खाज. हेमलता डोक्याला रुमाल बांधून पोती मोजून घेत होती. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, आणि शेवटी जे सांगायचं नव्हतं तेही बोलून गेले.

"तू तिथं बसून नवीन नवीन नियम करून राहिली. इथं मागचाच नियम पोचला नाई. अकरा वरसं झाली. कायले करता मंग?"

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं रुमाल सोडून तोंड पुसलं आणि म्हणाली, नियम करणाऱ्यांना तो पोचवता येत नाही. समितीच्या सनदेतच लिहिलंय म्हणे, जुनं लिहिलेलं मोडता कामा नये, लोकांनी लिहून ठेवलेले प्रोग्राम म्हणजे मोठी ठेव आहे. म्हणून सगळं इतकं हळू. मग तिनं मला स्वतःबद्दल सांगितलं, जे तिनं आधी कधी सांगितलं नव्हतं.

सीमध्ये तुम्ही एखाद्या जागेला नाव दिलं आणि तिथं काही ठेवलं नाही, तर ती जागा रिकामी नसते. आधी कोणी काही ठेवलेलं असेल ते तसंच पडून असतं, कचरा. नवशिकी मुलं तो कचरा वाचतात आणि चक्रावतात. तिच्या कंपनीचा कंपायलर वापरून बनवलेल्या एका पंपाच्या पेटीत त्यामुळं पंप आपोआप सुरू झाला होता आणि एक माणूस हात गमावता गमावता वाचला. तेव्हापासून ती एकच गोष्ट मांडत होती, की काही ठेवलं नाही तर तिथं शून्य आहे असं भाषेनंच धरावं. कित्येक बैठकांत मांडलं, लिहून दिलं, लोकांनी ऐकून घेतलं, चहा घेतला, आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. या मसुद्यावरच्या आक्षेपांत ती शेवटचा प्रयत्न करणार होती.

मी तिला मनात टेबलाशी बसलेली पाहत होते इतकी वर्षं. तिथं बसून तिचं कोणी ऐकत नसेल, ही कल्पना माझ्या मत्सरानं कधी केलीच नव्हती. तरी मला तिची कीव आली असं म्हणणं खोटं होईल. न ऐकलं जायलासुद्धा आधी त्या खोलीत असावं लागतं, असंच माझ्या मनात आलं.

त्याच दुपारी, भुश्यानं पिवळ्या झालेल्या ओसरीवर, मला चूक सापडली. मोठी नव्हती. एका नियमाखाली समजावायला उदाहरण दिलं होतं, त्यात वरच्या ओळीत एक नाव जाहीर केलं होतं आणि खालच्या ओळीत जरा वेगळं नाव वापरलं होतं. एका अक्षराचा फरक. भाषेच्या स्वतःच्याच नियमानं ते उदाहरण चाललं नसतं. मी वर्षभर असलेच पेपर तपासते, माझी नजर तिथंच जाऊन अडकते. मी बोट ठेवून दाखवलं. हेमलतानं वाकून पाहिलं, वरची ओळ, खालची ओळ, परत वरची. ती म्हणाली की हे पान तिनं कितीदा वाचलं असेल याची गणती नाही. आवाज सपाट होता. तिनं पेन्सिलनं खूण केली आणि पान वेगळं काढून ठेवलं. तिनं आपल्या प्रस्तावाबरोबर तेही कळवलं.

चुरणी आटोपली, ती परत गेली. मी मात्र रोशनीची लाल रेघ विसरू शकले नाही. अभ्यासक्रम ठरवणारं जे मंडळ असतं त्याला मी लिहायला लागले. कोणी उत्तर देईना, मग एका सभेला स्वतःच जाऊन बसले. तिथं मला जे सांगितलं गेलं ते ऐकून हसावं की रडावं कळेना. जुनी पुस्तकं मुलांकडे आहेत, जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, सगळं एकदम मोडता येत नाही. सनद न वाचता तीच सनद. मी म्हटलं, मोडू नका, एक ओळ घाला. 'दोन्हीपैकी कोणतीही पद्धत ग्राह्य धरावी.' एका सरांचं म्हणणं पडलं की 'धरावी' मुळं परीक्षकाला पळवाट राहते. मी ओळ बदलून 'धरलीच पाहिजे' केली. त्यावर तासभर वाद झाला. मी इतकी सुखावून क्वचितच कुठं बसले असेन. ओळ मंजूर झाली. रोशनीला तिचा उपयोग झाला नाही, ती तोवर पुढच्या वर्षाला गेली होती आणि तिचे गुण तेच राहिले.

पुढच्या वर्षीच्या कापणीला हेमलता पुन्हा आली. नागपूरहून बसनं येणार होती. मला कोहमाऱ्याला भेट म्हणाली, तिथून जोडीनं जाऊ. कोहमारा म्हणजे हमरस्त्यावरचा फाटा, ट्रक, ढाबे, डिझेलचा वास. एका ढाब्याच्या बाकावर आम्ही चहा घेत बसलो. रस्त्यापलीकडे धानानं पिवळी पडलेली बांधी होती. हेमलता थकलेली दिसत होती. आक्षेपांवरची उत्तरं आली होती.

"माया प्रस्ताव नाई घेतला," ती म्हणाली. "आता लई उशीर झाला म्हणे नवीन काई घ्यायले. तुई दुरुस्ती घेतली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ते एक अक्षर. मानकात ते उदाहरण आता बरोबर छापलं जाणार होतं, जगात जिथं जिथं ते पुस्तक उघडेल तिथं. मी विचारलं, नाव असतं का? ती म्हणाली, कोणाचंच नसतं, तिचंही नाही.

ती कपात बघत बसली. ट्रक गेला, धूळ बसली.

"तुले खरं सांगू? उत्तर येऊन महिना झाला. मी तुले फोन नाई केला. जळून राहिली होती तुयावर. मी कितीक वरसं घासली, अन् तू वडे खाताखाता..."

तिनं वाक्य सोडून दिलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मी काय पाहत होते ते मला पाठ होतं, फक्त आजवर ते मला आरशात दिसायचं. मी तिची समजूत घालायला हवी होती. अगं, एक अक्षर तर आहे, असं म्हणायला हवं होतं. मला म्हणावंसं वाटलं नाही. मी ते अक्षर कमी करून द्यायला तयार नव्हते.

"मले माहीत आहे ते कसं होते," मी म्हटलं. "मी त नव्याण्णवपासून तुयावर जळून राहिली."

तिला खरंच ठाऊक नव्हतं. कशासाठी, असं तिनं विचारलं, आणि मी सांगितलं. पगार नाही, पुणं नाही. तुझ्या ओसरीवर नियम व्हायचे आणि माझी आई त्या ओसरीसमोर वाकलेली असायची, आणि तू सरांना विचारलंस आणि मी हसले. हेमलतानं काही समजावलं नाही, तिच्या घराची बाजूही घेतली नाही. कप खाली ठेवून ती म्हणाली, "पुढच्या मसुद्यात मी तुयाआधी चूक काढीन."

"काढ," मी म्हटलं.

आम्ही उठलो आणि सौंदडच्या जीपमध्ये बसलो. तिनं खिडकीकडची जागा घेतली. मला ती हवी होती.

यालाही आता वर्षं झाली. काकू गेल्या. आई कापणीला जात नाही. धान आता बऱ्याच ठिकाणी मोठं यंत्र कापतं, बायकांच्या ओळी दिसेनाशा झाल्यात, कडपाही कमी दिसतात. वास मात्र तोच आहे. रोशनी रायपूरला नोकरीला आहे, तिथं सीच लिहिते असं ऐकलं. आमच्या प्रयोगशाळेतले निळे पडदे एकदाचे गेले. हेमलता अजून समितीत आहे. तिची ती खुर्ची मला अजून हवी आहे. हे मी आता तिला उघड सांगते, आणि ती म्हणते, ये आणि घे, पण उठत नाही.

यंदा पुन्हा मसुदा आला आहे. या वेळी भाषेत नवं काहीच घालायचं नाही, फक्त आधीच्या मानकातल्या चुका दुरुस्त करून तेच पुन्हा छापायचं. असलाही एक मसुदा असतो हे मला फार आवडलं. हेमलतानं तो मला पाठवला, त्याच दिवशी तिनंही वाचायला घेतला असणार. दिवसभर प्रॅक्टिकल, संध्याकाळी घरी येऊन मी मसुद्याची पानं वाचते. कोणी बोलायला आलं तर त्रास होतो. तिच्या आधी पोचायचं असतं.

आज सकाळी मी सौंदडच्या गाडीत होते. खिडकीतून धान दिसत होता. तिचा फोन आला. मी गेल्या आठवड्यात वाचून, ठीक आहे म्हणून बाजूला ठेवलेल्या पानावर तिला चूक सापडली होती. एक 'नाही' राहून गेला होता. त्या एका शब्दावाचून नियम उलटा होत होता. तिनं पान सांगितलं, ओळ सांगितली, घाई न करता, चवीनं. मी छान म्हटलं. ती म्हणाली, मनापासून म्हण. मी पुन्हा छान म्हटलं.

फोन ठेवला. मी पिशवीतून गठ्ठा काढला, पहिलं पान वर घेतलं, आणि गाडी सौंदडला थांबली तेव्हा मला शेजारच्या बाईनं खांद्याला हात लावून भानावर आणावं लागलं, कारण मी सुरुवातीपासून परत वाचत होते.